एक यंत्र, अनेक हात : युनिक्सचा इतिहास आणि पिंपरी-चिंचवड

१९६६ साली टाटांच्या टेल्कोने पिंपरी-चिंचवडमध्ये आपल्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एमआयडीसी, स्थापन होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून पिंपरीत उभी होती, आकुर्डीत बजाज ऑटो स्कूटर बनवत होती आणि पवनेकाठची गावे एकामागून एक कारखान्याच्या भोंग्यावर उठू लागली होती.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात एक विलक्षण प्रकार घडला. तिथल्या मोठ्या संगणकावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करत. प्रत्येकाला स्वतःचे नाव होते, स्वतःचा पासवर्ड होता. एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून येऊ लागली. शोध घेतल्यावर कारण कळले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, एक सूचनेची आणि दुसरी पासवर्डची. संपादनाचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलला दर वेळी एकच ठरलेले नाव देत असे. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि गुपित चव्हाट्यावर आले.

यंत्र बिघडलेले नव्हते आणि कोणाचा वाईट हेतूही नव्हता. दोन माणसे एकाच जागी काम करत होती आणि त्यांच्यामधली हद्द आखायची राहून गेली होती, एवढेच. अनेकांनी वापरायच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. महागडे यंत्र एक आहे, हात अनेक आहेत. मग प्रत्येकाला त्याचे काम करता यावे आणि कोणाचा धक्का कोणाला लागू नये, हे साधायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर टंचाईतून जन्मले. म्हणूनच भारतात, आणि त्यातही मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, ते इतके खोल रुजले असे मला वाटते.

कार्डांचे गठ्ठे

आपल्याकडची सुरुवात मुंबईत झाली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला. १९६० साली तो पूर्ण क्षमतेने चालू झाला आणि दोन वर्षांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबाने ही जागा एका लहानशा छायाचित्रालाही पुरणार नाही. अशा यंत्रावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. तो संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे.

१९६४ साली याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला आणि देशभरच्या संशोधकांचा तो आधार झाला. पण काम करण्याची रीत तीच राहिली. प्रोग्रॅमची एकेक ओळ जाड कागदाच्या एकेका कार्डावर भोके पाडून उतरवायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरकडे द्यायचा आणि निघून जायचे. गठ्ठे रांगेने यंत्रात जात आणि कागदावर छापलेले उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हाती पडे. एखादा स्वल्पविराम चुकलेला असला तर पुन्हा कार्ड, पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. या पद्धतीला बॅच प्रोसेसिंग म्हणत. यंत्राचा क्षणही वाया जाऊ नये अशी तिची आखणी होती. माणसाचे दिवसच्या दिवस त्यात जात, त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

सेकंदात मावणाऱ्या पाळ्या

हा हिशेब प्रथम मांडला जॉन मॅकार्थी यांनी. १९५९ च्या सुरुवातीला एमआयटीत लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी सुचवले की संगणकाचा वेळ लहान लहान तुकड्यांत वाटून द्यावा आणि अनेकांनी एकाच वेळी टर्मिनलवरून त्याच्याशी थेट बोलावे. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ते करून दाखवले. त्यांच्या प्रणालीचे नाव होते सीटीएसएस.

ही कल्पना पिंपरीच्या कामगाराला समजावून सांगावी लागणार नाही. महागडी लेथ रिकामी ठेवणे परवडत नाही, म्हणून तिच्यावर फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तीन शिफ्ट चालतात. पाळी संपली की कामगार आपला अर्धवट जॉब उतरवून नीट बाजूला ठेवतो, मापांची नोंद करतो, आणि दुसरा येऊन आपला जॉब चढवतो. टाइम-शेअरिंगमध्ये नेमके हेच होते, पण एका सेकंदात अशा अनेक पाळ्या बदलतात. संगणकातले घड्याळ ठरावीक काळाने चालू प्रोग्रॅमला अडवते. त्याचे काम कुठवर आले, कोणते आकडे कुठे होते, याची नोंद होते आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालू होतो. टर्मिनलवर टाइप करणाऱ्या माणसाच्या दोन अक्षरांमध्ये यंत्राला इतका वेळ मोकळा मिळतो की तेवढ्यात इतर सगळ्यांची पाळी येऊन जाते. त्यामुळे प्रत्येकाला वाटते, यंत्र आपल्या एकट्याचे आहे.

पाळ्या वाटून दिल्या तरी मोठा धोका उरतोच. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या स्मृतीत शिरला तर? कोणी यंत्रच अडवून बसला तर? सीटीएसएससाठी एमआयटीने आपल्या आयबीएम संगणकात स्मृतीचे दोन वेगळे भाग बसवून घेतले. एक भाग फक्त देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आणि दुसरा वापरणाऱ्यांसाठी. पहिल्यात दुसऱ्याला शिरकाव नव्हता. आज ज्याला आपण कर्नल म्हणतो, त्याची मूळ कल्पना हीच. यंत्राचे सगळे अधिकार कर्नलकडे असतात: घड्याळ, स्मृती, डिस्क, प्रिंटर. बाकीचे प्रोग्रॅम कमी अधिकारांत चालतात. त्यांना काही हवे असेल तर ते कर्नलकडे विनंती करतात आणि ती मान्य करायची की नाही हे कर्नल ठरवतो. ही पायरी प्रोसेसरच्या आतच घडवलेली असते, त्यामुळे साधा प्रोग्रॅम ती ओलांडू शकत नाही.

बेल लॅब्जमधली अडगळीतली मशीन

सीटीएसएसच्या यशानंतर एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज या तिघांनी मिळून मल्टिक्स नावाचा महाप्रकल्प हाती घेतला. वीज किंवा टेलिफोन जसा शहराला मिळतो, तशी गणनशक्ती सगळ्यांना पुरवायची, असे स्वप्न होते. स्वप्न मोठे होते आणि कामही वाढत गेले. १९६९ साली बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले.

त्या प्रकल्पावर काम केलेले केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यामुळे हळहळले. अनेकांनी मिळून एका यंत्रावर काम करण्याची सवय लागली होती. एकमेकांचे काम पाहता येई, वापरता येई, सुधारता येई. हे सहजीवन त्यांना हवे होते आणि नवे यंत्र घ्यायला पैसे मिळत नव्हते. थॉम्पसन यांना एक फारशी वापरात नसलेली पीडीपी-७ सापडली. १९६९ च्या उन्हाळ्यात पत्नी लहान मुलाला घेऊन तीनेक आठवडे सासरी गेली असताना त्यांनी कर्नल, शेल, एडिटर आणि असेंब्लर यांची पहिली घडी बसवली. युनिक्सचा जन्म असा झाला. सुरुवातीला त्यावर एका वेळी दोनच जण काम करू शकत.

पुढचा टप्पा मला या इतिहासातला सगळ्यात बोलका वाटतो. या मंडळींनी व्यवस्थापनाकडे नव्या पीडीपी-११ यंत्राची मागणी केली, ती पेटंट विभागाच्या मजकुराची जुळणी करून देण्याच्या बोलीवर. यंत्र आले. पेटंट विभागाचे टंकलेखक दिवसभर त्यावर अर्ज टाइप करू लागले आणि त्याच यंत्रावर, त्याच वेळी, थॉम्पसन आणि रिची ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रयोग करत राहिले. डिस्क होती अर्ध्या मेगाबाइटची. आणि त्या पहिल्या यंत्रात स्मृतीच्या संरक्षणाची सोयच नव्हती. एकाच्या प्रोग्रॅममधली चूक सगळ्यांचे यंत्र बंद पाडू शकत होती, टंकलेखकांच्या दिवसभराच्या कामासकट. त्यामुळे नवा प्रोग्रॅम चालवताना फार जपावे लागे. हद्द का हवी, हे युनिक्सच्या निर्मात्यांनी आधी सोसले आणि मग लिहिले. पुढच्या पीडीपी-११ यंत्रांत संरक्षणाची सोय आली आणि युनिक्सने तिचा पुरेपूर वापर केला.

१९७३ साली युनिक्सचा कर्नल रिची यांच्या सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. तोवर बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहीत. यंत्र बदलले की सगळे मुळापासून. सी भाषेमुळे युनिक्स एका कंपनीच्या यंत्रावरून दुसरीच्या यंत्रावर नेता येऊ लागले. जुलै १९७४ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांचा लेख प्रसिद्ध झाला. अनेकांना एकाच वेळी वापरता येणारी समर्थ प्रणाली ४० हजार डॉलरच्या यंत्रावरही चालू शकते, असे त्यांनी त्यात सांगितले. त्या काळच्या मोठ्या संगणकांच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी हिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने टेलिफोनबाहेरचा धंदा करायला बंदी होती. म्हणून युनिक्सचा मूळ कोड विद्यापीठांना अल्प शुल्कात मिळत गेला आणि विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी तो वाचत, दुरुस्त करत शिकली.

भोसरीतले स्टोअर

युनिक्सची रचना समजून घ्यायला आपल्याच परिसरातले एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात ऑफिसच्या कोपऱ्यात एक युनिक्स यंत्र आहे आणि त्याला आठ टर्मिनल जोडलेली आहेत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे. स्टोअर, खरेदी, हजेरी, हिशेब, डिस्पॅच, सगळे त्याच एका यंत्रावर.

सकाळी स्टोअरकीपर स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. यंत्र त्याचा पासवर्ड तपासते, पण मूळ पासवर्ड त्यात कुठेही साठवलेला नसतो. त्याच्यावर एक अशी गणिती प्रक्रिया करून ठेवलेली असते की पासवर्डवरून तो सांकेतिक मजकूर काढता येतो, मजकुरावरून पासवर्ड मात्र उलट काढता येत नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधली ही पद्धत १९७९ साली एका लेखात सविस्तर मांडली. १९६६ ची ती यादी अशा यंत्रावर छापली गेली असती, तरी कोणाच्या हाती थेट गुपित लागले नसते.

लॉगिन झाल्यावर स्टोअरकीपर जो प्रोग्रॅम चालवतो, त्याची यंत्रात एक 'प्रोसेस' होते. तिला क्रमांक मिळतो, स्मृतीतली स्वतःची जागा मिळते, आणि ती कोणाच्या नावावर चालली आहे याची नोंद राहते. हिशेबनीस तोच प्रोग्रॅम चालवतो तेव्हा त्याची प्रोसेस वेगळी. स्टोअरचा प्रोग्रॅम अडकला तर तेवढाच बंद करता येतो; पगारपत्रकाला त्याची झळ लागत नाही.

प्रत्येक फाइलवर तीन प्रकारच्या माणसांसाठी परवानग्या लिहिलेल्या असतात: फाइलचा मालक, त्याचा गट, आणि बाकीचे सगळे. प्रत्येकासाठी तीन प्रश्न: वाचता येईल का, लिहिता येईल का, चालवता येईल का? मालाच्या नोंदी स्टोअरच्या गटाने लिहाव्यात, खरेदीवाल्यांनी नुसत्या वाचाव्यात, आणि पगाराची फाइल हिशेबाबाहेर कोणाला दिसूच नये, हे सगळे या नऊ खुणांत मांडता येते. प्रिंटर, टर्मिनल आणि डिस्क यांनाही युनिक्स फाइलसारखेच वागवते, म्हणून तोच नियम त्यांनाही लागू पडतो. या सगळ्या परवानग्यांच्या वर एकच वापरकर्ता असतो, 'रूट'. त्याला काहीच वर्ज्य नाही. म्हणूनच जाणकार व्यवस्थापक रोजचे काम कधीही रूटच्या नावाने करत नाही.

आता अवघड प्रसंग. रॅकवर ४० बेअरिंग आहेत. एका टर्मिनलवरून ३० बेअरिंगची मागणी नोंदवली जाते, त्याच क्षणी दुसऱ्या टर्मिनलवरूनही ३० ची. दोन्ही प्रोग्रॅम साठा वाचतात, दोघांनाही ४० दिसतात, दोघेही ३० वजा करतात आणि दोघेही १० शिल्लक असे लिहून मोकळे होतात. कागदावर १० बेअरिंग उरली, ६० दिली गेली आणि रॅकवर मुळात होती ४०. यावर उपाय म्हणजे कुलूप. साठ्याची नोंद एकाने हाती घेतली की तो लिहून संपवेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने साठच्या दशकात या थांबण्याचे नेमके शास्त्र मांडले. त्यांनी सुचवलेली सेमाफोर ही युक्ती आजही प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात आहे. बँकेच्या एका खात्यातून दोन खिडक्यांवर एकाच वेळी पैसे काढले जातात तेव्हा, किंवा रेल्वेच्या एका बर्थसाठी दोन शहरांतून एकदम मागणी येते तेव्हा, हेच कुलूप कामाला येते.

मुंबई, अहमदाबाद, पुणे

ही विद्या आपल्याकडे पुस्तकांतून जशी आली, तशी हाताने काम करणाऱ्यांकडूनही आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात टीआयएफआरच्या आश्रयाने सॉफ्टवेअरसाठीचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि तिथे डीईसी-१० हे टाइम-शेअरिंगचे यंत्र आले. कार्डांचा गठ्ठा बाजूला ठेवून थेट टर्मिनलवर बसण्याची सवय मुंबईतल्या अभियंत्यांना तिथे लागली. याच केंद्रात मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी अनेक प्रोसेसरांच्या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिम रचली. १९८४ साली तिच्यावरचे त्यांचे पुस्तक परदेशी प्रकाशकाने छापले. परक्यांचे यंत्र चालवायला शिकणे वेगळे आणि स्वतः कर्नल लिहून जगापुढे मांडणे वेगळे. मुंबईत त्या काळी हे दुसरे काम झाले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

दुसरा धागा अहमदाबादहून पुण्याला येतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत देशातल्या पहिल्या टाइम-शेअरिंग प्रणालीवर एक तरुण अभियंता काम करत होता, नारायण मूर्ती. नंतर पॅरिसच्या विमानतळावरील मालवाहतुकीच्या प्रणालीवर काम करून ते भारतात परतले आणि पुण्यातल्या सिस्टिम्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. त्याच सुमारास टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात सुधा कुलकर्णी ही तरुणी अभियंता म्हणून काम करत होती. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे टेल्कोच्या १९७४ च्या जाहिरातीत छापले होते. तिने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून याबद्दल जाब विचारला, मुलाखतीचे बोलावणे आले, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला अभियंता दाखल झाली. पुढे या दोघांचे लग्न झाले. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात नोंदवलेल्या, नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या इन्फोसिसचे पहिले भांडवल म्हणजे सुधा मूर्तींनी साठवलेले १० हजार रुपये.

मधल्या काळात १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला होता. परकीय चलन तुटपुंजे, आयातीवर कडक बंधने, आणि प्रत्येक विभागाला वेगळे यंत्र देण्याची ऐपत कोणाचीच नाही. अशा परिस्थितीत एका यंत्रावर आठ-दहा टर्मिनल चालवणारी आणि कोणत्याही एका परदेशी कंपनीला बांधील नसलेली युनिक्ससारखी प्रणाली ही आपली गरजच होती. १९८४ साली सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध होता. वाटाघाटींनंतर एकेक पाऊल पुढे पडत गेले. बँकांच्या या कामात युनिक्सला पसंती मिळाली आणि देशात युनिक्स जाणणाऱ्या माणसांची मागणी झपाट्याने वाढली. पुढे परदेशी कंपन्यांनी भारतीय प्रोग्रॅमर बोलावले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताला युनिक्स आणि सी यांची सवय आधीच झालेली होती.

ही सवय लावणाऱ्यांत मराठी नावे ठळक आहेत. आयआयटी मुंबईत शिकवणारे प्रा. धनंजय ढमढेरे यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची पाठ्यपुस्तके देशभर अभ्यासली गेली. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनी सॉफ्टवेअर उद्योगातल्या जबाबदाऱ्या सांभाळत याच विषयावर पुस्तक लिहिले आणि नंतर विज्ञान-तंत्रज्ञानाचे विषय मराठी वाचकांच्या घराघरांत नेले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या सी भाषेच्या आणि युनिक्सच्या पुस्तकांवर अभियांत्रिकीच्या कित्येक तुकड्या वाढल्या. निगडी-आकुर्डी भागात अभियांत्रिकीची महाविद्यालये उभी राहिली, तेव्हा तिथल्या मुलांच्या हाती हीच पुस्तके होती.

परम, इंडिका आणि लिनक्स

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झाले. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर आपला आपणच बांधायचा, हा निर्धार त्यामागे होता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्यात एका प्रचंड प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडून काम वाटून घेतले होते. १९९८ चा परम १०००० तर सन कंपनीच्या युनिक्स सर्व्हरांच्या समूहातून उभा राहिला. त्यावर सोलॅरिस ही युनिक्सच्याच घराण्यातली प्रणाली चालत असे.

त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, टाटा इंडिका बाजारात आली. पिंपरीतल्या अभियंत्यांनी देशातच घडवलेली ही मोटार म्हणजे या परिसराच्या आयुष्यातला मोठा प्रसंग होता. मोटारीच्या आरेखनाची त्या काळातली जड त्रिमिती सॉफ्टवेअर जगभर मुख्यतः युनिक्स वर्कस्टेशनवर चालत. दार एकाने आखायचे, बिजागरी दुसऱ्याने, चौकट तिसऱ्याने, आणि सगळ्यांचे आरेखन एका सामायिक साठ्यात ठेवायचे. कोणाला नुसते पाहता येईल, कोणाला बदलता येईल आणि मंजुरीनंतर कोणाला हात लावता येणार नाही, हा मोटार घडवण्याच्या शिस्तीचा भाग परवानग्यांच्या त्याच पायावर उभा असतो.

दरम्यान घराघरांत पीसी आले. त्यावरची डॉस ही प्रणाली एकट्या माणसासाठी होती. तिथे ना वापरकर्त्याचे नाव होते, ना स्मृतीला कुंपण, ना फाइलला मालक. फ्लॉपीवरून आलेला व्हायरस थेट सगळ्या यंत्राचा धनी होई. पुढची कित्येक वर्षे जगाने याची किंमत मोजली.

ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या पीसीसाठी युनिक्ससारखा कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला होता आणि त्यावर सुधारणा करणाऱ्याने ती वाटताना कोडसह वाटावी असा त्याचा परवाना होता. युनिक्सच्या परवान्याचे पैसे नसलेल्या लहान महाविद्यालयातही आता खरी, अनेकांची ऑपरेटिंग सिस्टिम आतून पाहता येऊ लागली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात उभारलेला टाटांचा 'एका' हा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर आला, आणि तो लिनक्सवर चालत होता. २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्सच आहे. अशा महासंगणकांवर काम करणारे संशोधक आपापले काम रांगेत लावतात आणि पाळी आली की ते चालते. कार्डांच्या गठ्ठ्याची रांग निराळ्या रूपात परत आली आहे, कारण मोठे यंत्र आजही थोड्यांकडेच आहे.

हद्द आणि जबाबदारी

आज चाकणच्या एमआयडीसीत फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ आणि बजाज यांचे कारखाने आहेत. नव्या मोटारीत डझनावारी लहान संगणक असतात. गाणी आणि नकाशे दाखवणारा पडदा अनेकदा लिनक्सवर किंवा त्याच कर्नलवर बेतलेल्या अँड्रॉइडवर चालतो. त्या पडद्यावरच्या बिघाडाने ब्रेकपर्यंत पोहोचता कामा नये, हा आजच्या मोटारीच्या रचनेतला कळीचा नियम आहे, आणि तो पेटंट विभागाच्या टंकलेखकांना वाचवणाऱ्या नियमाचाच वंशज आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनचेही तसेच. फोनचा मालक एकच असतो, तरी फोन प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता मानून वेगळा क्रमांक देतो, म्हणजे खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपची फाइल उघडता येत नाही. अनेक माणसांसाठी आखलेल्या हद्दी आता एकाच माणसाचे रक्षण करत आहेत.

म्हणूनच हा इतिहास फक्त संगणकाच्या विद्यार्थ्यांचा विषय नाही. आजही कित्येक लहान वर्कशॉपमध्ये एका संगणकावर तिन्ही पाळ्यांची माणसे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने काम करतात. तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. मापाची नोंद चुकली, प्रोग्रॅममधला आकडा बदलला, फाइल पुसली गेली, तर ते कोणाच्या हातून झाले हे यंत्र सांगू शकत नाही, आणि ठपका येतो तो बहुधा सगळ्यात कमी पगाराच्या कामगारावर. प्रत्येकाला स्वतःचे नाव देणे हा त्याच्यावरचा पहारा नव्हे. न केलेल्या चुकीतून सुटण्याचा त्याचा तो पुरावा आहे. प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी देणे हा अविश्वास नव्हे. एकाच्या चुकीने सगळ्यांची पाळी बंद पडू नये, यासाठीची ती सोय आहे.

ज्यांनी हे घडवले त्यांच्याकडे यंत्र एक होते आणि काम करणारे अनेक, म्हणून त्यांना सामायिक गोष्टीचे नियम शोधावे लागले. पिंपरी-चिंचवडही अशाच सामायिक गोष्टींवर उभे आहे: पवनेचे पाणी, एमआयडीसीची जमीन, टूलरूममधली यंत्रे. इथल्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना लिनक्सच्या आज्ञा पाठ करायला लावणे पुरेसे नाही. त्या आज्ञांमागे कोणता प्रश्न होता, हेही त्यांना सांगितले पाहिजे. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी शॉप फ्लोअरवरचा संगणक हाती घेताना प्रत्येकासाठी वेगळे खाते मागण्याचे धैर्य त्यांच्याकडे असेल, आणि ते का मागायचे, हे ते आपल्या सुपरवायझरला दोन वाक्यांत समजावू शकतील.